चार्ल्सटनला जाताय? आधी परसदार बघा

मागच्या अंकात अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटन शहराबद्दल मी थोडं लिहिलं होतं, त्यावर एवढे प्रश्न आलेत की सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही. मुलंबाळं अटलांटा, शार्लट, रॅले अशा ठिकाणी नोकरीला असलेले बरेच जण आहेत आणि एक मोठा वीकेंड मिळाला की हे शहर सगळ्यांच्या यादीत येतंच. मी त्याच राज्यात सहा वर्षं काढली, चार्ल्सटनला किती वेळा गेले ते आता मोजता येणार नाही, तर जमेल तेवढं सांगते.

प्रश्न : ताई, माझं वय ६८, पत्नीचं ६४. मुलगी शार्लटला असते, ऑक्टोबरमध्ये तिच्याकडे जातोय. ती म्हणते दोन दिवसांत चार्ल्सटन होतं. पण पत्नीचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. काय बघावं आणि काय सोडून द्यावं?
(एक वाचक, सांगली)

काका, महिना अगदी छान निवडलाय. जुलै-ऑगस्टमध्ये तिथली हवा म्हणजे अंगाला ओलं फडकं गुंडाळल्यासारखी, ऑक्टोबरात ती उतरते आणि चालायला मजा येते. फक्त चक्रीवादळांचा सीझन ३० नोव्हेंबरपर्यंत धरतात त्यामुळे कॅन्सल करता येईल असंच हॉटेल घ्या. अजून एक, जे बहुतेक कुणी सांगत नाही : निघायच्या आधी भरतीच्या वेळा बघून ठेवा. शहर समुद्रसपाटीला अगदी लागून आहे, शरद ऋतूत मोठी भरती आली की आभाळ निरभ्र असतानाही सिटी मार्केट या जुन्या बाजाराजवळच्या रस्त्यांवर पाणी चढतं, आणि त्यात नेमकी काकूंची चप्पल भिजायला नको.

शार्लटहून साडेतीन तास लागतात. पोचलात की गाडी मीटिंग स्ट्रीटवरच्या व्हिजिटर सेंटरजवळच्या पार्किंगमध्ये लावा आणि संध्याकाळपर्यंत तिला हात लावू नका. जुन्या भागात 'डॅश' नावाच्या बस फिरतात, त्या फुकट आहेत, गुडघ्यांसाठी याच्यासारखं काही नाही. जुना भाग तसा लहान आहे, मार्केटपासून अगदी खालच्या टोकाला बॅटरी नावाच्या समुद्राकाठच्या बांधापर्यंत साधारण दीड किलोमीटर, पण काकूंनी ते एकदम चालू नये, मधेमधे बाकं आहेत, चर्चच्या आवारात सावली आहे, बसत बसत जावं.

घोडागाडीतून तासाभरात बरंच बघून होतं. एक लक्षात ठेवा, कुठल्या भागातून जायचं हे गाडीवाला ठरवत नाही. सगळ्या गाड्या एकाच रस्त्यावर गर्दी करू नयेत म्हणून निघताना सोडत काढून त्यांना भाग ठरवून देतात, त्यामुळे 'आम्हाला रेनबो रो (रंगीत घरांची ती प्रसिद्ध ओळ) दाखवा' असा हट्ट धरून उपयोग नाही, ते आपलं आपण बघून यायचं.

आणि चामर्स स्ट्रीटवर काकूंचा हात धरा. तिथे अजून जुने गोटे घातलेले आहेत, जहाजांना वजन म्हणून भरून आणलेले दगड पुढे रस्त्यांना वापरले तसले, दिसतात सुरेख पण माझ्या आईचा पाय तिथेच मुरगळला होता आणि उरलेले दोन दिवस आम्ही हॉटेलात बर्फ लावत बसलो. सपाट बुटच घालायला सांगा.

काय सोडावं विचारलंत तर मी म्हणेन दुकानं. किंग स्ट्रीटची खरेदी सोडली तर अख्खी दुपार मोकळी होते. त्या वेळात ब्रॉड आणि मीटिंग स्ट्रीटच्या चौकात सेंट मायकेल्स चर्चमध्ये शांत बसा, १७५०च्या दशकात बांधायला घेतलेलं चर्च आहे, १७९१ साली जॉर्ज वॉशिंग्टन शहरात आले तेव्हा इथे प्रार्थनेला बसले होते. चौकाच्या चार कोपऱ्यांवर चर्च, सिटी हॉल, राज्याचं कोर्ट आणि केंद्राचं कोर्ट-पोस्ट ऑफिस. म्हणून या चौकाला 'कायद्याचे चार कोपरे' म्हणतात.

प्रश्न : रेनबो रोचे फोटो बघून वेड लागलंय. ती घरं आतून बघता येतात का? आणि इथली सगळी घरं रस्त्याला अशी आडवी का उभी आहेत?
(एक वाचक, पुणे)

आतून नाही बघता येत, तिथे लोक राहतात, आणि कृपा करून त्यांच्या पायऱ्यांवर बसून फोटो काढू नका. ईस्ट बे स्ट्रीटवरची ही सलग तेरा घरं अठराव्या शतकातली, खाली व्यापाऱ्याचं दुकान आणि वर घर अशी. नंतर हा भाग अगदी मोडकळीला आला होता. १९३०च्या दशकात लोकांनी ती विकत घेऊन दुरुस्त करायला सुरुवात केली आणि तेव्हा हे फिकट गुलाबी, पिवळे, निळे रंग आले, म्हणजे रंग शंभर वर्षांचेही नाहीत. सकाळी लवकर जा, ऊन समोरून येतं आणि गर्दी नसते.

पण खरं सांगू का, तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. त्या घरांना तिथे 'सिंगल हाउस' म्हणतात. घर एका खोलीच्या रुंदीचं, रस्त्याकडे फक्त त्याची अरुंद बाजू, आणि लांब बाजूला वरखाली दोन मजली ओसरी, तिला ते लोक पियाझा म्हणतात. ओसरी बहुतेक दक्षिणेला किंवा पश्चिमेला काढायची म्हणजे समुद्रावरचा वारा घरातून आरपार जातो, पंखे नव्हते त्या काळी हाच पंखा. गंमत रस्त्यावरच्या दाराची. तुम्हाला वाटतं हे घराचं मुख्य दार, ते उघडलं की आत खोली नसतेच, ओसरी असते, आणि खरं दार ओसरीच्या मध्यावर.

भिंतींकडे पण नीट बघा. विटांच्या भिंतीवर लोखंडी चकत्या, चांदण्या, कुठे कुठे सिंहाचं तोंड दिसेल. ३१ ऑगस्ट १८८६च्या रात्री इथे मोठा भूकंप झाला, निम्मं शहर खिळखिळं झालं. त्यानंतर लोकांनी भिंती आवळून धरायला घराच्या आरपार लोखंडी सळया घातल्या, त्यांची बाहेर आलेली टोकं म्हणजे या चकत्या. एकदा ओळखता आल्या की पुढे प्रत्येक गल्लीत दिसतात.

आणि एवढं सगळं टिकलं कसं, तर १९२०च्या सुमारास काही रहिवाशांनी जुनी घरं पाडू देणार नाही म्हणून संघटना काढली आणि १९३१ साली शहराने जुन्या भागाला संरक्षण देणारा नियम केला, अमेरिकेतला असा पहिला.

प्रश्न : माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. गुलामांच्या बाजाराचं म्युझियम आहे तिथे त्याला न्यावं का? नवरा म्हणतो सुट्टीत कशाला एवढं जड. मलाही कळत नाहीये.
(एक वाचक, सध्या अटलांटा)

न्या. आणि शक्य असेल तर पहिल्याच सकाळी न्या, बाकीचं शहर नंतर.

हे मी विचार करून सांगतेय, कारण मी स्वतः पहिल्या खेपेला उलटं केलं होतं. आधी दोन मोठ्ठे वाडे बघितले, झुंबरं, चांदीची भांडी, फिरत वर जाणारे जिने, सगळं बघून खूश झाले. एका ठिकाणी गाइड बाई तासभर मालकांच्या मेजवान्यांचं सांगत होत्या आणि घरात राबणाऱ्या माणसांबद्दल सगळ्या मिळून एक वाक्य, तेही 'नोकरमाणसं' म्हणून. दुसऱ्या दिवशी चामर्स स्ट्रीटवर ओल्ड स्लेव्ह मार्ट म्युझियममध्ये गेले आणि मग कळलं की कालच्या त्या झुंबरांचे पैसे आले कुठून. मला कालचं ते घर परत जाऊन बघावंसं वाटलं, या वेळी मागच्या बाजूने.

तर म्युझियम लहान आहे, एक-दीड तासात होतं. १८५६ साली शहराने भर रस्त्यात माणसांचे लिलाव करायला बंदी घातली, बंदी धंद्याला नाही, फक्त उघड्यावर करायला. म्हणून व्यापाऱ्यांनी अशी आवारं घेतली आणि तिथे विक्री सुरू ठेवली, ती १८६३पर्यंत. आत भीतीदायक पुतळे वगैरे काही नाही, वाचायला बरंच आहे, त्यामुळे ११ वर्षांच्या मुलाला चालतं पण तुम्ही सोबत वाचा, एकट्याला पुढे पाठवू नका. त्याला एक काम द्या : माणसांच्या किमती कुठे लिहिल्यात ते शोध. माझ्या भाचीने ते शोधलं आणि तिच्याच वयाच्या मुलीची किंमत वाचून ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, 'आणि तिची आई?' त्यावर आम्ही बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि बोललो. अशा प्रश्नाला आपण तयार असावं एवढंच, मुलं समजून घेतात.

बऱ्याच जणांचा एक गैरसमज असतो तो इथेच सांगते, सिटी मार्केट म्हणून जो लांबलचक बाजार आहे तो गुलामांचा बाजार नव्हता. तिथे मांस-मासळी-भाजी विकायची, आता कलाकुसरीच्या वस्तू मिळतात.

त्यानंतर इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियमला जा, २०२३च्या जूनमध्ये सुरू झालं. जागा आहे गॅड्सडेन्स वॉर्फ, १८०८ साली परदेशातून गुलाम आणायला बंदी आली त्याच्या आधीच्या दोनेक वर्षांत आफ्रिकेतून माणसं भरून आणलेली जहाजं याच धक्क्याला लागायची. त्या जमिनीवर इमारत टेकवायची नाही म्हणून अख्खं म्युझियम अठरा खांबांवर उचलून धरलंय आणि खालची जागा मोकळी आहे, बागेला तिकीट नाही. खाली पाण्याचा एक उथळ चौक आहे, पाणी भरतं आणि उतरतं, आणि उतरलं की फरशीवर माणसांच्या आकृत्या दिसतात, एकमेकींना चिकटून आडव्या झोपवलेल्या, जहाजाच्या तळात निजवायचे तशा. मुलगा आपसूक पाण्याकडे धावेल. धावू दे, आकृत्या दिसल्या की तो स्वतःच थांबतो.

दुपारी मग एकच वाडा बघा, एकेन-रेट हाउस. १८२०च्या सुमाराचा, नंतर तो राज्याच्या गव्हर्नरांचा झाला. हा वाडा त्यांनी नव्यासारखा केलेला नाही, मिळाला तसा राखलाय, भिंतीवरचा कागद सोलवटलेला, रंगाचे पापुद्रे निघालेले. मोठं म्हणजे मागचं परसदार तसंच आहे. एका बाजूला स्वयंपाकघर आणि धुण्याची खोली, त्याच्या वरच्या मजल्यावर गुलाम केलेली माणसं राहायची त्या खोल्या, समोर तबेला. कानाला ऑडिओ लावून आपल्या गतीने फिरता येतं. त्या वरच्या खोलीच्या खिडकीतून मालकाचं घर समोर दिसतं, आणि त्या घराच्या खिडक्यांतून हे परसदार दिसतं, म्हणजे दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या नजरेखाली. मुलाला दोन्ही खिडक्यांत उभं करा.

संध्याकाळी त्याला वॉटरफ्रंट पार्कात अननसाच्या आकाराचं कारंजं आहे तिथे भिजू दे, तेही हवंच.

प्रश्न : फोर्ट समटरला बोटीचं तिकीट काढून जाणं वर्थ आहे का? फोटोत नुसत्या पडक्या भिंती दिसतात.
(एक वाचक, रॅले)

हो, पण आधी गोष्ट माहीत करून घेतली तर. १२ एप्रिल १८६१ला पहाटे साडेचारला या किल्ल्यावर दक्षिणेच्या सैन्याचा पहिला गोळा पडला आणि अमेरिकेचं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध सुरू झालं. साधारण ३४ तास मारा चालला, मग किल्ल्यातल्या उत्तरेच्या सैन्याचे प्रमुख मेजर अँडरसन यांनी किल्ला सोडला आणि तो दक्षिणेच्या हाती गेला. तुम्हाला भिंती पडक्या दिसतात कारण किल्ला तीन मजली होता, पुढच्या वर्षांत उत्तरेच्या तोफांनी तो ठेचून ठेचून एवढा खाली आणला. काही गोळे अजून विटांत रुतलेले दिसतात, हात लावू नका पण जवळून बघा. आणि १४ एप्रिल १८६५ला त्याच अँडरसननी तोच झेंडा परत इथे चढवला, आणि त्याच रात्री तिकडे वॉशिंग्टनमध्ये लिंकन यांना गोळी लागली.

बोट लिबर्टी स्क्वेअरवरून सुटते, दुसरी पलीकडे पेट्रियट्स पॉइंटहून, जाऊन येऊन सव्वादोन तास धरा, त्यातला तासभर किल्ल्यावर. सकाळची पहिली बोट घ्या, कारण त्या बोटीतल्या लोकांना रेंजरबरोबर झेंडा चढवायला हात लावता येतो. झेंडा केवढा मोठा असतो ते धरल्यावर कळतं.

परत येताना मात्र किल्ल्याकडे नाही, खाडीकडे बघा आणि रॉबर्ट स्मॉल्सना आठवा. हे गुलामगिरीत असलेले, 'प्लँटर' नावाच्या दक्षिणेच्या लष्करी बोटीवर सुकाणूला होते. १३ मे १८६२च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपलेले असताना त्यांनी बोट सोडली, बायकोमुलांना आणि बाकीच्यांना मधल्या धक्क्यावरून घेतलं, कप्तानाची गवती टोपी डोक्यावर घालून अंधारात याच फोर्ट समटरसमोरून ठरलेली शिट्टी वाजवत गेले, किल्ल्यावरच्या पहारेकऱ्यांना वाटलं कप्तानच आहे, आणि पुढे उत्तरेच्या जहाजांना पांढरी चादर दाखवून सगळे सुटले. नंतर ते अमेरिकेच्या संसदेत निवडून गेले. माझ्या मते या सगळ्या बंदरातली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे आणि ती त्या पाण्यावर असतानाच वाचायची, फोनवर आधी डाउनलोड करून ठेवा.

प्रश्न : प्लँटेशन (गुलामांच्या मजुरीवर चाललेले जुने मळे) खूप आहेत, एकच जमणार आहे. कुठलं?
(एक वाचक, ठाणे)

मॅकलाऊड. बागाच बघायच्या असतील तर मिडलटन प्लेसची बाग १७४१ पासूनची आहे, मॅग्नोलियाही सुंदर, ओकच्या झाडांची लांबलचक कमान हवी तर बून हॉल. पण मॅकलाऊड शहरापासून जवळ, जेम्स आयलंडवर आहे, आणि तिथे टूर सुरूच होते ती मजुरी करणाऱ्या माणसांपासून, मालकापासून नाही. लाकडी खोपट्यांची एक ओळ अजून उभी आहे. गुलामगिरी संपली तरी त्या खोपट्यांत माणसं राहत होती, अगदी १९९०पर्यंत.

तिथे लग्नाचे फोटोशूट वगैरे करू नका, एवढीच विनंती.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. उपाशी राहू का?
(एक वाचक, नागपूर)

नाही राहणार, पण विचारून खा. तिकडे पालेभाजी, राजम्यासारख्या चवळीचा भात, लाल भात, हे सगळं दिसायला शाकाहारी आणि बहुतेक वेळा त्यात डुकराचं मांस किंवा त्याची चरबी असतेच. 'मांस आहे का' असं विचारू नका, 'शिजवताना बेकन किंवा हॅम घातलंय का' असं स्पष्ट विचारा. तळलेले हिरवे टोमॅटो, तळलेली भेंडी, मक्याचा ब्रेड, चीज घातलेले ग्रिट्स म्हणजे मक्याच्या रव्याचा उपमाच म्हणा, हे चालतं, तेही विचारूनच. आणि रस्त्याकडेला 'बॉइल्ड पीनट्स'ची पाटी दिसली तर गाडी थांबवाच, मिठाच्या पाण्यात उकडलेल्या ओल्या शेंगा, हा त्या राज्याचा अधिकृत खाऊ आहे. मला पहिल्यांदा मिळाल्या तेव्हा मी गाडीत बसून एकटीने पिशवी संपवली होती.

प्रश्न : सवाना की चार्ल्सटन?
(दोन-तीन वाचकांनी विचारलंय)

सवाना म्हणजे शेजारच्या जॉर्जिया राज्यातलं जुनं शहर. दोन्हींत गाडीने दोन तासांचं अंतर आहे, चार दिवस असतील तर दोन्ही करा. एकच करायचं तर गुडघे दुखणाऱ्यांना आणि लहान मुलं बाबागाडीत असणाऱ्यांना मी सवाना सांगते, १७३३ साली वसवतानाच शहर चौकाचौकांनी आखलं, २४ चौकांपैकी २२ अजून आहेत, दर पाच मिनिटांनी झाडाखाली बाक मिळतं. इतिहास खोलात बघायचा तर चार्ल्सटन.

प्रश्न : ताई, सिटी मार्केटमध्ये गवताच्या टोपल्या विकतात त्या भयंकर महाग आहेत, लहानशी टोपलीसुद्धा. भाव करता येतो का?
(एक वाचक, कोल्हापूर)

करू नका ना. भाव का एवढा ते तिथे अर्धा तास उभं राहून बघा. त्या बायका बहुतेक गुल्ला गीची समाजातल्या, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतून भातशेतीसाठी धरून आणलेल्या माणसांच्या वंशातल्या. भाताचं ज्ञान त्या माणसांकडे होतं, दलदलीत बांध घालून भरतीच्या पाण्यावर भात काढायचं कष्टाचं काम त्यांनी केलं, आणि चार्ल्सटन श्रीमंत झालं ते मुख्यतः त्या भातावर. टोपल्याही त्यातूनच आल्या. सगळ्यात जुना प्रकार म्हणजे रुंद, उथळ, भात पाखडायची टोपली, तुम्ही बघताक्षणी म्हणाल अरे हे तर सूप.

ही टोपली विणत नाहीत, शिवतात. स्वीटग्रास नावाच्या गवताची जुडी गोल गोल फिरवत न्यायची आणि पामच्या पानाच्या पट्टीने आधीच्या वेढ्याला टाचायची, मधे काळपट रेघ दिसते ती पाइनच्या सुयांची. टोचायला हत्यार काय, तर चमच्याचा दांडा, चपटा करून घासून गुळगुळीत केलेला. एका आजींच्या हातातला दांडा मी बघितला, त्यांच्या आईचा होता, अंगठा टेकायच्या जागी खळगा पडलेला. त्या माझ्याशी बोलत होत्या आणि हात थांबत नव्हते, एवढ्या वेळात माझ्या डोळ्यांदेखत टोपलीचे जेमतेम दोन वेढे वाढले. गवत मिळायलाही आता लांब जावं लागतं म्हणाल्या, किनाऱ्यावर बंगले झाले ना.

बजेट नसेल तर टोपली राहू द्या, त्याच बायका पामच्या पानाचं छोटं गुलाबाचं फूल करतात ते घ्या, आणि फोटो काढायच्या आधी त्यांना विचारा. मी वाटीएवढी एक टोपली घेतली होती, त्यात आता घराच्या किल्ल्या असतात, पावसाळ्यात हवा दमट झाली की तिला अजून वाळलेल्या गवताचा गोडसर वास येतो.